शीळ घालणारा दिवा

"काकूंच्या मागून माझी दुसरी फेरी ठरलेलीच," थिएटरात काकूंसोबत सफाई करणारी, सगळे जिला टकळी म्हणत ती, कुरकुरत होती. "एवढा दिवा लावून फिरतात आणि मधले पट्टे तसेच. आज एका रांगेत ओंजळभर लाह्या निघाल्या. बरं, बोलायची सोय आहे का?"

दारावरचा तिकीट तपासणारा काहीतरी पुटपुटला.

"तेच तर नवल," टकळी म्हणाली. "दिवा नव्हता तेव्हा कण राहायचा नाही हो."

काकू तिथून दोनच रांगा खाली, खुर्चीच्या पायात अडकलेली, कचरा ओढणाऱ्या मशीनची वायर सोडवायला वाकल्या होत्या. उभ्या राहिल्या असत्या तर टकळीने जीभ चावली असती, तिकीटवाल्याला खोकला आला असता, आणि मग दोघांची समजूत घालायचं काम काकूंच्याच गळ्यात पडलं असतं. त्यापेक्षा त्या तशाच ओणव्या राहिल्या. गुडघे कुरकुरले, पण त्यांची कुरकूर जुनी होती.

थिएटरातला दोन नंबरचा हॉल अकरा वर्षं काकूंचा होता. सकाळी सात ते दहा, पहिल्या खेळाच्या आधी. दोनशे चाळीस खुर्च्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आणि आदल्या दिवसाच्या पाच खेळांचा कचरा. सफाईच्या वेळी छताचे चार पिवळे गोळे लागत. त्यांचा उजेड खुर्च्यांच्या पाठीवर रेलून बसे, खाली उतरायचं नाव घेत नसे. तरी काकूंच्या हॉलकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर ते बोट शाबूत राहिलं असतं की नाही, हा प्रश्नच होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग येऊन बसला. कडेचं सगळं जागच्या जागी. चालताना धडकणं नाही, पायरी चुकणं नाही. पण सरळ ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलेलं. माणसाकडे पाहिलं की दोन कान दिसत आणि मध्ये धुकं. काही माणसांच्या बाबतीत ते बरंच झालं, असं काकू मनाशी म्हणत. गेलेलं आता परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो कागद पत्र्याच्या डब्यात लेकीच्या शाळेच्या दाखल्यांखाली गेला, आणि घरात सगळ्यांनी त्याला 'नंबर वाढलाय' असं सुटसुटीत नाव देऊन टाकलं. लेक फोनवर विचारायची, नंबर कसा आहे. टकळी म्हणायची, इथे मेला अंधारच फार. थिएटरचे साहेब म्हणायचे, काकू, आता आराम करायचं वय. जो तो वळसा घालून जायचा, आणि काकू बाजूला सरून प्रत्येकाला वाट द्यायच्या.

काकूंच्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. पंख्यांच्या आणि मोटारींच्या तारा गुंडाळण्यात त्यांची हयात गेली. तोंडाने बोलणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून त्यांनी दिवा केला.

मशीन आपल्या पाइपातून हवा ओढतं. त्याच हवेवर दिवा लावायचा, ना सेल, ना जादा वायर बोर्डात. पहिल्यांदा त्यांनी पाइपाच्या पोटातच चाक बसवलं. ते पहिल्याच दिवशी लाह्यांनी गच्च झालं. मग त्यांनी पाइपाच्या मुठीपाशी एक डबी चिकटवली, तिला बाजूने भोक पाडलं आणि आत करंगळीएवढं चाक अन् खेळण्यातली मोटार बसवली. भोकातून स्वच्छ हवा आत ओढली जायची, चाक गरगरायचं आणि पुढे पाइपाच्या तोंडाशी तीन पांढरे दिवे फटफटीत लागायचे. भोकातून बारीक शीळही यायची. मिस्त्रींना त्या शिळेचं फार कौतुक. शीळ वाजतेय म्हणजे चाक फिरतंय, असं ते चार-चारदा सांगायचे.

तो उजेड नेमका तिथेच पडायचा जिथे काकू बघायच्या, म्हणजे नेमका डागात. काकू म्हणाल्या होत्या, छान पडतो. दुसरं काय म्हणणार?

त्याला तीन आठवडे झाले. सोमवारी साहेबांनी बोलावलं. आवाजात साखर घालून ते म्हणाले की प्रेक्षकांच्या तक्रारी आल्यात. शुक्रवारी ते स्वतः हॉल बघतील. पट्टे राहिलेले दिसले तर पुढच्या आठवड्यापासून दोन नंबर टकळीकडे, आणि काकूंनी घरी आराम करायचा. मिस्त्रींनाही घेऊन या, तो दिवा सगळे म्हणतात तसा खरंच आहे का बघू.

आराम हा शब्द ऐकून काकूंचं टाळकं सटकलं. आराम करायचा होता तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. पण टकळीचं ते 'नवल' त्यांच्या डोक्यातून जाईना. डाग दोन वर्षांचा, मग पट्टे तीन आठवड्यांचेच कसे?

बुधवारी कोपऱ्यातल्या खुर्चीखाली पाइप घालताना हात सरकला आणि अंगठा डबीच्या भोकावर बसला. शीळ थांबली. दिवे विझले. आणि पाइपातून आवाज आला. लाह्यांची टपटप, बुटांवरून आलेल्या मातीची सरसर, मध्येच चॉकलेटच्या कागदाची फडफड. काकू पाइप पुढेमागे करत राहिल्या. हळूहळू आवाज विरळ झाला आणि पाइप नुसताच घुमायला लागला. खाली काही उरलं नव्हतं.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. दोन वर्षं आपण कानांनी झाडतोय आणि आपल्याच कानांवर ही गोष्ट आली नाही. आली ती शीळ मध्ये पडल्यावर. त्यांना हसू आलं, आणि मग मिस्त्री आठवले तसं ते गेलं.

घरी मिस्त्री टेबलावर दुसरी डबी कानशीने घासत होते. टकळीसाठी. काकूंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण शीळ नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर पत्र्याचा डबा उघडावा लागणार.

"शीळ नीट येते ना गं?" मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"येते की," काकू म्हणाल्या. "चांगली येते."

शुक्रवारी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. साहेबांसाठी मधल्या दोन रांगा तशाच ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी मशीन चालू केलं, दिवे लागले, शीळ वाजली. इतक्या वर्षांत ते परक्या माणसासमोर सलग पाच वाक्यं बोलल्याचं काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. टकळी दिवे बघायला पुढे सरकली. साहेब म्हणाले, वा, आता काकूंनी करून दाखवावं.

काकूंनी पाइप घेतला. डोळ्यांच्या कडेतून त्यांना मिस्त्रींची शर्टाचं बटण चाळवणारी बोटं दिसली. त्या रांगेत शिरल्या आणि त्यांनी अंगठा भोकावर दाबून धरला. दिवे विझले.

"अगं, अंगठा," मिस्त्री पुढे झाले. "अंगठा काढ तिथला."

काकूंनी काढला नाही. साहेब म्हणाले, दिव्याशिवाय कशाला उगाच हट्ट? काकूंनी पाइप खुर्चीखाली घातला. मान तिरकी करून, पाइपाच्या आवाजाकडे कान लावून त्या खुर्चीमागून खुर्ची पुढे जात राहिल्या. जिथे टपटप झाली तिथे थांबल्या, जिथे पाइप नुसता घुमला तिथून पुढे सरकल्या. एक रांग झाली. मग दुसरी.

मग त्या बाहेर आल्या आणि अंगठा उचलला. शीळ वाजली, तीन दिवे लख्ख लागले. तो पाइप त्यांनी साहेबांच्या हातात दिला.

"बघा."

साहेब वाकले. उजेडाचा गोल गालिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, दुसऱ्या रांगेत शिरला. टकळीही त्याच्यामागे मान खाली घालून गेली. नखाएवढी लाही मिळाली नाही. साहेबांनी मशीन बंद केलं आणि काकूंना न विचारता मिस्त्रींना विचारलं, दिवा विझवून यांनी हे केलं कसं? यांना दिसतं ना?

मिस्त्री आपल्या डबीकडे बघत होते. "तसं काही नाही साहेब," ते म्हणाले. "नंबर थोडा वाढलाय तिचा."

काकूंनी मिस्त्रींच्या बाहीला धरलं.

"दिवा फार चांगला झालाय तुमचा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टकळीकडे बोट केलं. "तो हिच्या मशीनला लावा, हिचे डोळे चांगले आहेत. माझा नंबर वाढलेला नाही." मग त्या साहेबांच्या दोन कानांच्या बरोबर मधोमध, धुक्यात बघत म्हणाल्या, "मला दिसत नाही. तुम्हाला दिसतंय ना? मग दाखवा, कुठे राहिलंय."