सड्यावरची नाडी

"दुर्गम वाड्यांतील हृदयरुग्णांची नाडी आता अहोरात्र आमच्या नजरेखाली आहे," असे जिल्ह्याच्या समारंभात सांगण्यात आले. विधान अगदीच खोटे नव्हते. नाडी नजरेखाली होती. ती कोणाची, एवढेच पाहायचे राहून गेले.

आमची वाडी संगमेश्वराकडच्या एका दरीत बसलेली. वाडीतल्या हृदयरुग्ण गंगुबाईंच्या मनगटावर आरोग्यखात्याने पट्टा बांधला. हृदयाचा ठेका चुकला की तो इस्पितळाला कळवतो, औषध वेळेवर सुरू होते आणि माणूस लुळा पडायचा वाचतो. यंत्र उत्तम होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्याला रेंज लागे, आणि रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर. गुडघ्यांपायी गंगुबाईंना उंबरठाही ओलांडवत नसे.

त्यांचा मुलगा रामा सड्यावर गुरे चारत असताना त्याला आरोग्यखात्यातून फोन आला, "पट्टा दिसत नाही. रेंजमध्ये आणा."

घरी त्याची बायको मैना उसळली. "आयेला काय डोलीत घालून रोज वर न्यायची? इचारायचंस तरी!"

"इचारलं. फोनवरची बाई बोल्ली, तां तुमचं तुमी बगा."

"मग नुसता पट्टाच ने."

ओटीवरून गंगुबाई हसल्या. "ने रं बाबा. मी नाय तर नाय, त्याला तरी वायच वारा लागूंदे."

रामाने पट्टा खिशात घालून नेला. लगेच दुसरा फोन, "पट्टा हातातून काढायचा नाही. नाहीतर परत घेऊ."

आईचा पट्टा जाऊ नये म्हणून त्याने तो स्वतःच्या मनगटावर चढवला. त्याच्या मोबाइलवर 'सर्व ठीक'चा हिरवा ठिपका उमटला. मग पट्टा रोज गुरांमागे हिंडू लागला आणि अहवालात गंगुबाईंचे कौतुक छापून आले: रुग्ण नियमित चढण चढते, प्रकृतीत लक्षणीय सुधारणा. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेली बाई कातळावर मैलोन्‌मैल चालते, याचे एकाही तज्ज्ञाला नवल वाटले नाही. फोन करणे तर दूरच.

भातकापणीच्या दिवसांत एका पहाटे गंगुबाईंची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

"ठेका बरेच दिवस चुकत असणार," इस्पितळातल्या डॉक्टर स्वानंदी म्हणाल्या. "पट्ट्याने कळवलं कसं नाही?"

रामाने सदऱ्याची बाही वर सारली. चौकशीला आलेल्या साहेबांनी तत्परतेने त्याचा जबाब घेतला. समारंभात बोलणाऱ्यांचा कोणी घेतला नाही. रामाचा जबाब असा:

"पट्टा माज्या हातात व्हता. आदल्या सांजेला आये बोल्ली, 'रामा, छातीत फडफडतंय रं.' मी मोबाइल बगितला. सड्यावरचा ठिपका अजून हिरवाच व्हता. पट्टा मीच घातलेला, मला ठावं व्हतं. तरी मी तिला बोल्लो, 'मशीन सांगतंय तू बरी हायस. उगाच कण्हू नको.'"