ताईंची वेणी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे. माझे हात तुटलेले नाहीत बरं का! सुतार ते बसवायलाच निघाला होता, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "हात नकोत हो. शिवताना कोपरं अडतात." मावशी म्हणजे कपडे शिवणाऱ्या बाई, अख्खी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. माझ्यावर बसून त्यांनी बाळांची झबली शिवली, नवऱ्या मुलींचे पोशाख शिवले आणि त्याच कमाईवर एकटीनं मुलाला वाढवलं. काम संपलं की त्या माझी पाठ थोपटायच्या. तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

पुढे मावशींचे गुडघे धरले. सांध्यांची झीज झाली होती. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची घाई नको. वजन थोडं उतरवा, मांड्यांना ताकद आणा." व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या, त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच खुर्ची! हात नाहीत, बैठक टणक. आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. थोडं दुखलं तरी चालेल. जास्त दुखलं तर कमी करा, पण सोडू नका."

मावशींना उठायचं होतं ते ताईंसाठी. समोरच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर त्यांची मोठी बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि तिथे लिफ्ट नव्हती. लहानपणी ताई मावशींची वेणी घालायच्या. म्हातारपणी मावशी जाऊन ताईंची घालायच्या. गुडघ्यांनी ते जाणंच बंद पाडलं होतं. म्हणून रोज सकाळी "ऊठ गं बये, ताईचे केस विंचरायचेत!" असं गुडघ्याला दटावत त्या माझ्यावरून उठायच्या. त्यांचा गुडघा कुरकुरायचा, माझा पाय कुरकुरायचा. "दोघी सारख्याच मेल्या!" म्हणून त्या हसायच्या. आणि एक दिवस कठडा धरून त्या खरंच वर जाऊन आल्या. फणी अजून हातातच होती. "किती गुंता झाला होता गं," असं म्हणत त्या माझ्यावर टेकल्या आणि आनंदानं रडल्या.

दुसऱ्या दिवशी गुडघा जरा सुजला. मुलगा घाबरून गेला. "आई, झिजलेली वस्तू जपून वापरतात! आता जागची हलायचं नाहीस." त्यानं मऊ, खोल, ऐसपैस आरामखुर्ची आणली. पाणी हातात, ताट हातात. मला गॅलरीत नेऊन वर कुंडी ठेवली. मावशी ताईंना फोनवर सांगायच्या, "पोरगा जिवापाड करतोय गं, त्याचं मन कसं मोडू? येते जरा बरं वाटलं की." इकडे त्यांच्या पायांतलं बळ सरत चाललं होतं.

एका दुपारी समोरून फोन आला. ताईंचं काही खरं नव्हतं आणि त्या धाकटीला बोलावत होत्या. घरात कुणी नव्हतं. मावशींनी मुलाला कळवलं आणि उठायची धडपड सुरू केली, पण त्या पुन्हा पुन्हा मऊ खुर्चीत रुतत होत्या. "ऊठ गं बये! अगं ऊठ ना!" मी गॅलरीतून ऐकत होते. माझा जीव तुटत होता. मुलगा धावत आला आणि आईला पाठुंगळी घेऊन निघाला. अर्ध्या जिन्यातच वरून रडणं ऐकू आलं, असं तो नंतर सांगत होता. शेवटची वेणी मावशींनीच घातली, पण ताईंना ती कळली नाही.

मग मुलानं कुंडी उतरवली, मला पुसून आत आणलं. "चुकलं माझं, आई. ऊठ, मी धरतो."

मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "उठून जाऊ कुठं रे आता?"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांना जरूर जपा, पण जपायचं म्हणून बसवून ठेवू नका. त्यांना कुठं जायचंय ते विचारा, आणि त्यांच्याबरोबर सावकाश चाला. मी आता आरामखुर्चीच्या समोरच असते. मुलगा रोज सकाळी "ऊठ ना आई" म्हणतो आणि मावशी मान फिरवतात. माझ्यावर ताईंची फणी तशीच पडून आहे.