सहा शनिवारांची चाचणी

कर्वेनगरात माझं सुतारकामाच्या हत्यारांचं दुकान आहे. एका शनिवारी आयटीतला निरंजन लॅपटॉप घेऊन आला. सुतारकामाचा नवाच छंद, त्यासाठी त्याला बिस्किट जॉइनर हवा होता. हे मशीन फळीच्या कडेला खाच पाडतं. खाचेत गोंद आणि लाकडाची चपटी चकती घातली की दोन फळ्या घट्ट जुळतात.

माझ्याकडे सहा मशीनं होती. त्याने एक्सेलमध्ये सहाही मशीनांचा तक्ता केलेला. "अल्लाबक्षभाई, चाचणीशिवाय आम्ही काही फायनल करत नाही," असं म्हणून त्याने पिशवीतून दोन फळ्या काढल्या. मी जोडून दिल्या. गोंद वाळेपर्यंत त्या दुकानातच राहिल्या.

मग दर शनिवारी तो एक नवी फळी आणायचा आणि नव्या मशीनने त्याच जोडणीला जोडायला लावायचा. म्हणे, लाकूड तेच असलं तरच तुलना खरी! आणि मी असा शहाणा, की चौथ्या शनिवारी मीच ओरडलो, "अहो, फळी दोन सूत वर धरा, नाहीतर तिरकी दिसेल!"

सहाव्या शनिवारी त्याने तीन नंबरचं मशीन सर्वोत्तम ठरवलं. "पण आता घेऊन करू काय? पुस्तकांचं कपाट तर झालं." कपाट टेम्पोत चढवायला हातही मीच लावला.

संध्याकाळी मी पाटी लावली : 'येथे चाचणी मिळणार नाही.'

पुढच्या शनिवारी एक बाई फळ्या घेऊन आल्या. पाटी नीट वाचून म्हणाल्या, "चाचणी नकोच. निरंजनचा तक्ता आहे माझ्याकडे. तीन नंबरनेच जोडा."