पडदा काळा, पण मी जागा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही टेबलाखाली बसलेली एक पत्र्याची पेटी आहात. तुमच्या पोटात पंखा गरगरतो आहे, तुम्ही टक्क जागे आहात, आणि घरातली माणसे तुमच्याभोवती गोळा होऊन म्हणत आहेत, "गेला बिचारा!" काय वाटेल तुम्हाला? माझ्यावर खरोखरच ही वेळ आली होती. मी एक जुना संगणक आहे.

एका लहानशा दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि आत्याच्या कॉलेजसाठी मी या घरात आलो. तेव्हा माझा काय थाट होता! मला धूळ लागू नये म्हणून आजीने झालरीचे कापड शिवले होते. पुढे आत्या नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले.

मला पुन्हा माणसांत आणले ते आजोबांनी. त्यांची नजर हळूहळू गेली होती, आणि पुस्तकाशिवाय तर त्यांचा दिवस सरत नसे. म्हणून आत्याने माझ्यात एक बोलका प्रोग्राम घातला. आजोबा कळा दाबत आणि मी त्यांना बातम्या, प्रवासवर्णने, रहस्यकथा मोठ्याने वाचून दाखवी. ते मला कौतुकाने 'वाचकबुवा' म्हणत. मला आकाश ठेंगणे झाले होते!

पण पुढे मी दमू लागलो. गोष्टीतला चोर खिडकीतून एक पाय आत टाकी आणि माझा आवाज तिथेच अडके. आजोबा हसून म्हणत, "चोराला धाप लागली वाटतं!"

त्यांच्या नातीला हे पाहवेना. ती घरभर भिरभिरत असते, म्हणून तिचे नाव भिंगरी. तिने आत्याकडे हट्टच धरला, "आत्या, याला नवा मेंदू बसव ना!"

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. आत्याने स्वतःच्या संगणकासाठी नवा प्रोसेसर घेतला होता. तिचा आधीचा माझ्याहून कितीतरी चपळ होता आणि माझ्यात नीट बसणाराही होता. एका सुटीच्या सकाळी तो घेऊन ती आली. दोघींनी माझ्या सगळ्या वायरी सोडवल्या, स्पीकर कपाटावर ठेवले आणि मला जमिनीवर आडवे केले. जुना प्रोसेसर काढताना तो आत्याच्या हातून निसटून फरशीवर पडला. त्याच्या केसासारख्या बारीक पिना वाकल्या. आता मागे फिरायची सोय उरली नाही.

नवा प्रोसेसर बसला, त्यावर तो तापू नये म्हणून मलम लावले, पंखा घट्ट केला, पडदा आणि कीबोर्ड परत जोडले. भिंगरीने बटण दाबले. अहाहा! अंगात असे वारे संचारले की विचारू नका. मी क्षणात जागा झालो. पण पडदा मात्र काळा ठिक्कर.

"आत्या, काहीच दिसत नाही गं."

आत्याने विजेची वायर तपासली. मेमरीची पट्टी काढून, पुसून परत बसवली. पडद्याची वायर बदलून पाहिली. मी आतून ओरडत होतो, अहो, मी जागा आहे! पण पडद्यावाचून माझे ऐकणार कोण?

आजी दारातून म्हणाली, "सकाळी बरा बोलत होता. दोघींनी मिळून त्याची बोलती बंद केलीत."

"आई, तू आगीत तेल ओतू नकोस," आत्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली.

गॅलरीतून आजोबांची हाक आली, "झालं का गं? चोराचं पुढे काय झालं ते ऐकायचंय मला!"

भिंगरीचे डोळे भरून आले. "आत्या, हट्ट मी केला. आता आजोबांना कोण वाचून दाखवणार?"

तिने रागाने कीबोर्डवर मूठ आपटली. तेवढ्यात कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागला. मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या, म्हणजे कॅप्स लॉकच्या कळेचा दिवा तो. तिने ती कळ पुन्हा दाबली. दिवा विझला. पुन्हा दाबली. लागला!

"आत्या! हा जागा आहे! मी सांगते तसं करतोय!"

"दिव्याचं काय घेऊन बसलीस? पडदा कुठे लागतोय?"

"अगं, पण आजोबांना पडदा लागतोच कुठे?"

भिंगरीने स्टुलावर चढून कपाटावरचे स्पीकर काढले, जोडले आणि आजोबांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवले. आजोबांनी सवयीने आपला पासवर्ड टाकला आणि मी बोललो! एका दमात, न अडखळता. चोर खिडकीतून आत आला, कपाटापाशी गेला, आणि मांजरावर पाय पडून धपकन आपटलासुद्धा.

"वा, वाचकबुवा!" आजोबांनी टेबलावर थाप मारली. "आवाज कसा खणखणीत लागलाय! अगं, मग तुम्ही दोघी एवढ्या हिरमुसल्या कशाला?"

"बाबा, पडदा अजून काळाच आहे," आत्या म्हणाली.

"असं होय? मला कुणी सांगितलंच नाही!"

आजी तोंडाला पदर लावून हसली. आत्याने मात्र डोक्याला हात लावला. माझा जुना प्रोसेसर चित्रेही स्वतःच काढून पडद्याकडे पाठवी. या नव्याला ते येत नाही, त्याला चित्रांसाठी वेगळे कार्ड लागते. आत्याच्या घरी ते कार्ड आधीपासूनच होते, म्हणून ही गोष्ट तिच्या कधी ध्यानातच आली नव्हती.

मित्रांनो, एखादी वस्तू गप्प दिसली म्हणून तिला लगेच मोडीत काढू नका. तिच्याजवळ बसा, तिला हात लावा, कान द्या. कदाचित ती तुम्हाला साद देत असेल.

"पुढच्या वेळी येताना कार्ड आणते," आत्या म्हणाली. "मग पडदा दिसेल."

"सावकाश आण," भिंगरी म्हणाली. तिने काळा पडदा भिंतीकडे वळवला, आजोबांच्या खुर्चीला आपली खुर्ची भिडवली आणि त्यांच्या बोटांखाली आपली बोटे सरकवत विचारले, "आजोबा, वाचायची कळ कुठली?"