नारूबाबाची बारव

मंगळवारी भोकरवाडीच्या बारवेवर मुंगी शिरायला जागा नसायची. पार रहिमतपुराकडून बैलगाड्या यायच्या आणि त्यांतली माणसं लंगडतच खाली उतरायची. कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या पोटरीतून नारूचा, म्हणजे अंगात वाढणाऱ्या जंताचा, पांढरा दोरा डोकावत असायचा. पाय विस्तवावर धरल्यासारखा जळायचा.

नारू काढणाऱ्या बाबाचा रिवाज ठरलेला. आधी बारवेच्या पायऱ्या उतरायच्या, दुखरा पाय देवीच्या पाण्यात बुडवायचा, तिथलंच ओंजळभर तीर्थ प्यायचं आणि वर यायचं. मग बाबा जखमेवर शेण आणि राख चोळायचा, वर हळदीचा गोळा दाबायचा आणि गरजायचा, "नागाच्या पिला, सोड बिळाला! ह्रीं फट्!" की एका झटक्यात हातभर लांब नारू त्याच्या चिमटीत लोंबायचा. लोक लोटांगण घालायचे. चार दिवसांनी तोच पाय पुन्हा ठणकायला लागला, तरी बाबाचं उत्तर तयार असे, "मनात संशय आला असंल." गुण आला तर बाबाचा, न आला तर दोष रोग्याचा. भलता सोयीचा धंदा होता.

भामाबाईची लेक सुली याच काठावर बसली होती, गेल्या वर्षी. बाबाने तिच्या जखमेत शेण भरलं. आठवड्यात पोरीची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि ती गेली. चितेची राख निवली नव्हती तेव्हा बाबा भर लोकांत म्हणाला, "आईच्या मनात पाप हुतं. आईनं पोर खाल्ली." भामाबाई तेव्हा खाली मान घालून घरी गेली. गावाला वाटलं, बाई खचली. ती खचली नव्हती. तिला तो बाबा मातीत गेलेला बघायचा होता आणि त्यासाठी थांबायची तिची तयारी होती.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बशीर मुजावर तिला आधीच सांगून गेले होते. "बाई, सुलीला धनुर्वात झाला, तो त्या शेणातून. आणि नारू येतो या बारवेतून. दुखरा पाय पाण्यात बुडाला की नारू त्यात पिल्लं सोडतो. पाण्यातल्या बारीक पिसवा ती गिळतात, पिसवा आपण पितो, आणि वर्षाने नारू आपल्या पायातून निघतो. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला, तर पाण्यात पाय पडणारच नाही. सरकारची योजना आहे, गावाने फक्त हो म्हणायचंय."

गाव हो म्हणेना. पायऱ्या बुजवल्या तर देवी कोपेल, असं बाबाने सांगितलं होतं आणि सरपंच दादासोंनी मान डोलावली होती.

भामाबाईने पलूसहून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. केरबा पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाला, एवढंच भोकरवाडीला ठाऊक. भाचीच्या मातीलाही त्याला येता आलं नव्हतं, तेव्हा तो पुण्याच्या इस्पितळात पडून होता. मंगळवारी तो गाडीतून उतरला तो गुडघ्यापासून खाली जाड पट्टी गुंडाळून, बहिणीच्या खांद्यावर रेलून.

"आवं बाबा, लय ठणका हाय! पट्टीला हातबी लावू देववत न्हाई."

"सोडूच नगंस," बाबा फुशारला. गर्दी बघून त्याला चेव आला होता. "आमच्या मंत्राला पट्टी आडवी येत न्हाई. बघा रं, पाय कसा तापलाय! वाफा भायेर येत्यात!"

त्याने पट्टीवर हळदीचा गोळा दाबला. केरबा असा विव्हळला की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "नागाच्या पिला, सोड बिळाला!" झटका बसला. हातभर पांढरा नारू बाबाच्या चिमटीत हलत होता. लोकांनी देवीच्या नावाचा पुकारा केला.

"माझ्या ह्याच पायातनं निघाला न्हवं?" केरबाने विचारलं.

"ह्याच! मुळासकट!"

"नीट बघा बाबा."

केरबाने पट्टी सोडली. आत पाय नव्हताच. लाकूड होतं, रंग दिलेलं आणि चामड्याच्या पट्ट्यांनी गुडघ्याला आवळलेलं. त्याने पट्टे काढले आणि तो लाकडी पाय बाबाच्या मांडीवर ठेवला. "खरा पाय सरहद्दीवर ऱ्हायला. तितनं बी काढतासा काय नारू?"

 एक म्हातारी फिसकन हसली आणि पाठोपाठ सारा काठ हसायला लागला. बाबा हळदीच्या गोळ्यांचं ताट उचलून निघाला होता. भामाबाईने ते हिसकावलं आणि त्यातला एकेक हळदीचा गोळा फोडला. प्रत्येकात आतड्याची तात वेटोळं करून बसवलेली. तळहातात गोळा चुरगळायचा आणि दोरा ओढायचा, एवढीच ती विद्या.

"ठोका रं ह्याला!" कुणीतरी ओरडलं.

"हात लावू नगासा," भामाबाई म्हणाली. ती पायऱ्या उतरली आणि लंगडे पाय बुडालेल्या त्याच पाण्याने तांब्या भरून वर आली. "तीर्थ हाय न्हवं? माझ्या सुलीला पाजलंस. घे, पी."

बाबाने तांब्या मागे सारला. 

"पी की रं! का आता तुज्याबी मनात संशय आला?"

तो प्यायला नाही. तो भामाबाईच्या पायांवर कोसळला. तिने पाय मागे घेतले. "माफी न्हाई. जे करायचं ते फौजदार करंल." मग ती सरपंचाकडे वळली. "दादासो, तुमच्या मळ्यात पंप हाय. तुमच्या घरात आजवर एकालाबी नारू झाला?"

"न्हाई," दादासो पुटपुटले.

"तुमच्यावर देवीची माया आन् आमच्यावर राग, असं हाय व्हय? का तुमचं पाणी येगळं हाय?"

 काठावरच्या एकेकाच्या डोक्यात उजेड पडत होता. नारू होता तो मोलमजुरी करणाऱ्यांच्या पायांत, कारण बारवेचं पाणी तेच पीत होते.

फौजदाराने बाबाला तालुक्याला नेलं. त्याच आठवड्यात ग्रामसभेने रहाटाला हात वर केले. तोवर घरोघरी पाणी फडक्यातून गाळून प्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पायऱ्या बुजवायला घेतल्या तेव्हा पहिला दगड टाकायला कुणी धजेना. देवीची भीती अजून पुरती गेली नव्हती. दगड भामाबाईने उचलला.

"कोपली तर माझ्यावर कोपंल. माझं काय न्यायचं ऱ्हायलंय तिनं?" ती म्हणाली. "पन देवी पोरींच्या पायांत किडं घालत न्हाई, गड्यांनो. घाण पाणी घालतंय. पाणी बदला!"

दगड पायरीवर आदळला. देवी कोपली नाही. मग एकामागून एक सगळ्यांनी दगड उचलले.