झोप मोडणारा धोटा

मी धोटा बोलतोय. हो, मागाचा धोटा, ज्याला सुरतेत सगळे शटल म्हणतात. लाकडाचं अंग, दोन्ही टोकांना लोखंडाच्या चोची आणि पोटात सुताची कांडी. सध्या पांडेसऱ्यात एका खोलीत पवित्र शास्त्राशेजारी, म्हणजे बायबलशेजारी, फळीवर असतो. लाकडाच्या ठोकळ्याला देवाच्या पुस्तकाशेजारी जागा कशी मिळाली, ते सांगतो. ऐकायचं तर नीट ऐका, मध्येच जांभया देऊ नका. जांभईनं आमच्या घरात फार वाटोळं केलंय.

माझा जन्म सुताराकडे झाला आणि जिंदगी गेली बमरोलीच्या कारखान्यात. मिनिटाला सव्वाशे खेपा. डावीकडून ठोका बसला की उजवीकडे, उजवीकडून बसला की डावीकडे. चोवीस तास माग चालायचा. माणसांच्या पाळ्या बदलायच्या, माझी नाही.

माझ्या मागावर शांतवन होता. जालन्याकडचा, आजोबांपासून ख्रिस्ती, हडकुळा आणि हसरा. माग लावण्याआधी डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना म्हणायचा, मगच खटका ओढायचा. एकदा मला मागात अडवून धरणारा पुढचा दांडा ढिला झाला होता. त्यानं चारदा सांगितलं, कुणी बसवला नाही. मी बाहेर उडालो आणि याच चोचीनं त्याचा उजवा डोळा फोडला.

शेठ म्हणाला, "ऊंघी गयो हशे." म्हणजे झोप लागली असेल.

"मी जागा होतो, शेठ," शांतवन रक्तानं भरलेला हात डोळ्यावर दाबून सांगत होता. "देवाशपथ जागा होतो."

कुणी ऐकलं नाही. गरिबाला काहीही झालं की तो झोपलेलाच असतो.

पुढे बिनधोट्याचे माग आले आणि जुने भंगारात गेले. शांतवननं मला शर्टाखाली लपवून घरी आणलं. त्याची बायको मंदा भडकली. "डोळा खाल्ला यानं तुमचा! आन् याला घरात घेता?"

"त्याचा काय गुन्हा, मंदे? त्याला ज्यानं फेकलं तिकडं तो गेला."

त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

मग साखरेच्या आजारानं त्याचा दुसराही डोळा नेला. पाठोपाठ मूत्रपिंडं गेली, पायांना सूज आली आणि खाट काही सुटली नाही. डॉक्टरनं मंदाला बाहेर बोलावून सांगितलं, ते त्यानं आतून ऐकलं. आंधळ्याचे कान तिखट असतात. त्या दिवशी तो म्हणाला, "मंदे, मला दोनच गोष्टी पायजे. रोज एक अध्याय वाचून दाखव. आन् मी जाईन तवा तू जागी राहा, प्रार्थनेत राहा. प्रभूला धरून नेलं त्या रात्री बागेत तो प्रार्थना करत व्हता, आन् त्याचे समदे शिष्य झोपले व्हते. त्याला किती एकटं वाटलं आसंल. तसं मला नको करू."

मंदानं शास्त्रावर हात ठेवून वचन दिलं.

वचन द्यायला काय लागतं! मंदा पहाटे चारला उठायची. मेसमध्ये चारशे पोळ्या लाटून दहाला घरी यायची. त्याचं अंग पुसायची, त्याला पेज भरवायची, आणि अकराला शास्त्र घेऊन बसायची. दुपारी बारापासून साड्यांचे धागे कापायला जायची. मधला तो एक तास तेवढा देवाचा. आणि झोपेलाही नेमका तोच तास सापडायचा.

बायकांची प्रार्थनेची घरसभा चालवणाऱ्या सुषमाबाई, पाळकसाहेबांच्या पत्नी. त्यांच्याकडे उपाय तयार. "मंदाताई, देवासमोर पेंगणं शोभतं का? थंड पाण्यानं तोंड धुवा. उभ्यानं वाचा. पेन्सिलीनं ओळी अधोरेखित करा, लक्ष राहतं."

मंदानं सगळं केलं. तोंड धुतलं, तर ओल्या तोंडानं झोपली. उभ्यानं वाचलं, तर फळीला कपाळ टेकून घोरली. पेन्सिल धरली, तर रेघ ओळीखालून निघाली आणि घसरत घसरत पानाच्या टोकाला गेली.

"बाई," तिनं पुढच्या सभेत पान उघडून दाखवलं, "ही बघा माझी भक्ती. तापी काढली मी, थेट समुद्रापर्यंत."

बायका हसल्या. सुषमाबाई काही हसल्या नाहीत. "मनात ओढ असली की झोप येत नाही," म्हणाल्या.

चारशे पोळ्या लाटा आणि मग ओढीच्या गोष्टी करा! मी लाकूड आहे म्हणून गप्प बसलो.

शेवटी शांतवननंच युक्ती काढली. खाटेवर मला हातात घेऊन पडायचा. मंदाचा आवाज चालला की चालत्या मागाचा ऐकावा तसा तो ऐकायचा. आवाज तुटला की मला खाटेच्या लोखंडावर आपटायचा. ठण्ण!

"धागा तुटला, मंदे."

"जागी हाय मी."

"काय वाचलंस सांग बरं?"

एकदा तर कमाल झाली. पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवली, तो अध्याय चालू होता. झोपेतच मंदा खड्या आवाजात म्हणाली, "तेव्हा तो शिष्यांना म्हणाला, आणखी चाळीस पोळ्या लाटा, दुसरी पंगत बसू राहिली."

शांतवन हसून हसून धापा टाकायला लागला. "प्रभूच्या तोंडी मेस नको घालू गं!"

"त्याचं बरं व्हतं," मंदा डोळे चोळत म्हणाली, "पाच भाकरींत भागलं. आमचा मुकादम आसता, तर त्यालाबी लाटायला बसवलं आसतं."

माझ्या आयुष्यातले ते खरे दिवस. आंधळा माणूस, पेंगणारी बाई आणि तिला जागवणारा मी. ज्यानं डोळा फोडला त्यालाच डोळा उघडायचं काम मिळालं.

मग तो दिवस आला. मेसमध्ये कुणाचा तरी सण होता, पोळ्या दुप्पट. मंदा आली ती भिंत धरत धरत. तरी अकराला बसली. तिसऱ्या ओळीवर आवाज जड झाला, चौथीवर तुटला. मी वाट बघू लागलो.

शांतवननं मला उचललं. हात वीतभर वर गेला आणि तिथंच थांबला. त्याचे ओठ हलले. "मंदे" म्हणाला. मी ऐकलं, तिनं नाही. मग बोटं एकेक करून सुटली आणि मी लादीवर पडलो.

खण्ण!

मंदा दचकली. "जागी हाय, जागी हाय! आता बघा, एक शबूद सोडत नाही." पदरानं तोंड पुसलं, बोटानं ओळ शोधली आणि वाचायला लागली. काय वाचलं तिनं त्या दिवशी! आवाज खणखणीत. एक काना चुकला नाही, एकदा पापणी मिटली नाही. सगळा अध्याय संपवला, आमेन म्हणाली आणि हसत मान वर केली.

"झाले का नाही पास? बोला की आता."

मी लादीवर पडलो होतो. मला तोंड असतं तर पहिल्या ओळीलाच ओरडलो असतो.

मातीला सगळी मंडळी आली. सुषमाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "मंदाताईंनी शेवटच्या श्वासापर्यंत शास्त्र वाचलं. शेजारणीनं कानांनी ऐकलंय."

"मी झोपले व्हते," मंदा म्हणाली.

"दुःखात असं वाटतं हो."

"बाई, मी झोपले व्हते! त्यांनी मला हाक मारली आसंल. मी झोपले व्हते!"

कुणी मानलं नाही. तो जागा होता, तर लोक म्हणाले झोपला असेल. ती झोपली होती, तर म्हणतात जागी होती. खरं बोलणाऱ्याचं या दुनियेत कोण ऐकतं?

आता मंदाला झोप येत नाही. पोळ्या तेवढ्याच आहेत, धागे तेवढेच आहेत, झोप मात्र गेली. रोज अकराला बसते, शास्त्र उघडते, मला मुठीत घट्ट धरते. वाचत नाही, प्रार्थनाही करत नाही. रिकाम्या खाटेकडे कान लावून बसते. घरसभेतही तशीच, ताठ आणि डोळे टक्क उघडे. सुषमाबाई पेंगणाऱ्या बायकांना तिच्याकडे बोट दाखवतात, "मन लावणं म्हणजे काय, ते मंदाताईंकडून शिका." तिचं मन कुठं लागलंय, ते मला तिच्या मुठीवरून कळतं. मूठ थंडगार असते.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. प्रार्थनेत शेजारची बाई पेंगली तर तिला कोपर मारू नका. ती पहाटे किती वाजता उठली, ते आधी विचारा. जमलं तर तिच्या वाटचं तुम्ही वाचा.

माझं आता कुणाकडे काही मागणं नाही, फक्त मंदाच्या हातून एकदा खाली पडायचंय. ज्या दिवशी लादीवर माझा आवाज होईल, त्या दिवशी समजा की तिचा डोळा लागला. पळत येऊ नका. तिला कुणी उठवू नका.