मागच्या बाकावरची जागा

शनिवारी सकाळी घड्याळजीच्या बायकोने नवऱ्याच्या काळ्या कोटाला तिसऱ्यांदा इस्त्री केली, तरी त्याचं समाधान होईना. उद्या चर्चच्या मंडळीत प्रमुख वडिलांची, म्हणजे मुख्य कारभाऱ्याची, निवड होती. चार वर्षं हा माणूस त्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. दुकानात गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ पुढे करायचं आणि हा त्याला मंडळीचं राजकारण ऐकवत बसायचा.

आतल्या खोलीत लेक गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मार खाऊन खाऊन ती आठवड्यापूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली होती. मंडळीत नियमच होता: नवऱ्याला सोडून आलेल्या बाईचं नाव उपासनेत वाचायचं आणि वर्षभर तिने दाराजवळच्या मागच्या बाकावर एकटीने बसायचं. तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही, प्रभुभोजनाच्या पवित्र भाकरीचं ताट तिच्यापुढे धरायचं नाही. मारणाऱ्यासाठी मात्र कुणी बाक राखून ठेवला नव्हता.

"नाव मीच वाचणार आहे," घड्याळजी आरशात बघत म्हणाला.

"अहो, पोटची पोर आहे तुमची! पाठीवरचे वळ बघितलेत ना?"

"घरच्यांनाही सूट देत नाही, हे लोकांना दिसलं पाहिजे. एकदा खुर्ची मिळू दे, नियमच बदलून टाकतो."

"आणि मग खुर्ची टिकवायची असेल तेव्हा?"

"तुला यातलं काही कळत नाही."

वाईट याचं वाटतं, की तो खोटं बोलत नव्हता. सत्तेच्या मागे लागलेला माणूस आधी स्वतःलाच गंडवतो, मग घरच्यांना.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब प्रवचनात प्रीतीवर बोलले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे त्यांनी सांगितलं आणि बायकांनी डोळे पुसले. ते डोळे पुरते कोरडे व्हायच्या आत घड्याळजीने खणखणीत आवाजात लेकीचं नाव वाचलं. ती खाली मान घालून मागे गेली. मग भराभर हात वर झाले आणि घड्याळजी निवडून आला. बायकोने हात वर केला नाही. तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

नवा प्रमुख भाकरीचं ताट घेऊन निघाला, तशी त्याची बायको पहिल्या बाकावरून उठली आणि चालत मागे गेली.

"आई, नको गं," लेक कुजबुजली.

"सरक जरा."

"बाई, तुमची जागा पुढे आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"माहीत आहे, साहेब. पण माझी पोर इथे आहे."

घड्याळजी ताट घेऊन तिच्यापर्यंत आला. "चारचौघांत माझी शोभा करू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घे आणि पुढे चल."

"आधी तिला द्या."

तो लेकीकडे वळला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीचा बाप दिसला, तापाने फणफणलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन घरभर फिरणारा. तिला वाटलं, देतोय आता. पण त्याने मान वळवून प्रमुखाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ताट घेऊन तो परत फिरला. तिने लेकीचा हात घट्ट धरला.

पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकाकडे गेलीच नाही. थेट लेकीशेजारी जाऊन बसली. त्या बाकावर अजून चौघांची जागा आहे.